वरून प्रॉब्लेम आहे

आमच्या घरात सकाळी उठल्यावर दोन ठिकाणचे दिवे बघितले जातात. देव्हाऱ्यातला तेवतोय ना, हे आई बघते. आणि टीव्हीच्या वर खिळ्याला टांगलेल्या पांढऱ्या डबीतला लाल झाला नाही ना, हे बाकीचे सगळे. देव्हाऱ्यातला विझला तर आई वात पुढे सारते, दोन थेंब तेल घालते, विषय संपतो. डबीतला लाल झाला की घरात सुतक पडतं. आधी चिरंजिवांच्या खोलीतून “बाबा!” अशी आरोळी येते, मग स्वयंपाकघरातून “अहो!” येतं, आणि मी निमूटपणे नेटवाल्या मुलाला फोन लावतो. पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, “काका, वरून प्रॉब्लेम आहे.”

हे ‘वर’ म्हणजे नेमकं कुठे, हे विरारला वीस वर्षं काढूनही मला कळलेलं नव्हतं. पाणी आलं नाही, तर ते वरून सोडलेलं नसतं. वीज गेली, तर वरून गेलेली असते. लोकल नायगावच्या अलीकडे खोळंबली, तर वरून सिग्नल नसतो. खाली राहणाऱ्या कुणाचीच कधी काही चूक नसते. आई मात्र ‘वरून’ म्हटलं की हात जोडते. आमच्या गच्चीवरून जीवदानीचा डोंगर दिसतो, त्यामुळे तिच्यापुरती दिशाही ठरलेली आहे.

एकदा मी या ‘वर’चा छडा लावायचं ठरवलं आणि वायरीचं बोट धरून गच्चीवर गेलो. डबीतून निघालेली काळी वायर खिडकीच्या ग्रिलमधून बाहेर पडते, ड्रेनेजच्या पाइपाला दोन वेढे मारते, बंद पडलेल्या डिश अँटेनाला एक गाठ, टाकीच्या शिडीला दुसरी गाठ, तिथून समोरच्या इमारतीवर झेप, मग मागच्या वाडीतल्या माडावर, माडावरून बावखलावर आडवी, आणि पुढे नजर पोचत नाही तिकडे. बावखलं म्हणजे वसईची गोड्या पाण्याची जुनी तळी. त्यांनी पिढ्यान् पिढ्या केळी आणि पानवेली पोसल्या. आता त्यांच्या डोक्यावरून सूनबाईंच्या मालिका जातात. या वायरीच्या पोटात केसाएवढी काच असते आणि तिच्यातून नुसता उजेड धावतो. एका काचेला वाटेत फाटे फोडून बत्तीस, कधी चौसष्ट घरं जोडलेली असतात. म्हणजे आमच्या डबीत येतो तो उजेडाचा बत्तिसावा हिस्सा. तेवढ्यावर अख्खं घर चालतं, आणि एखाद्या खारीचे दात शिवशिवले की तेवढ्यावरच अडतं.

तसं बघितलं तर तक्रार करायचा मला नैतिक अधिकार नाही. माझ्या पिढीने याहून वाईट दिवस काढलेत. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं, त्यानंतरच्या काळात मोडेम किंचाळायचा, फोन अडकून बसायचा आणि फोटो वरून खाली ओळीओळीने उतरायचा. स्थळाचा फोटो आला तर आधी कपाळ दिसायचं; हनुवटी येईपर्यंत घरच्यांची पसंती बदललेली असायची. पुढे ब्रॉडबँड आलं, त्यात रात्री दोन ते सकाळी आठ फुकट, अशी योजना होती. मी रात्री दोनचा गजर लावून उठायचो, डाउनलोड सुरू करायचो आणि पहाटे पुन्हा उठून चर्चगेट लोकल पकडायचो. झोप गाडीत व्हायची, तीही उभ्याने.

आता कबुली. मला टोरंटचा नाद आहे.

हे वाक्य घरात पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा सासरे दचकले होते. त्यांची हयात भिवंडीत गेली. तिथे २००७ पासून टोरंट याच नावाची कंपनी वीजवाटप बघते. “जावईबापू, टोरंटचं बिल तुम्हाला विरारला कसं काय येतं?” असं त्यांनी फार काळजीने विचारलं. बायकोची शंका वेगळी होती.

“चोरीचे सिनेमे ना?” 

“नाही गं. लिनक्स.”

“ही कोण?”

तिला समजवायला एक रविवार लागला. लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. उबुंटू, लिब्रेऑफिस ही मंडळी आपली सॉफ्टवेअरं स्वतःहून टोरंटवर ठेवतात. इंटरनेट अर्काइव्ह नावाचं अमेरिकेतलं मोठं ग्रंथालय २०१२ पासून जुनी पुस्तकं, ध्वनिमुद्रणं, मूकपट टोरंटने देतं. हा सगळा राजमार्गाचा व्यवहार. बायकोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग रात्री गुपचूप का करता?” वीस वर्षांपूर्वीची दोन वाजताची सवय, हे खरं उत्तर होतं. ते तिला पटलं नाही.

टोरंट म्हणजे काय, हे खरं तर विरारकराला लगेच कळायला हवं. नेहमीचं डाउनलोड म्हणजे पंगत. वाढपी एक, पानं शंभर. तुमच्या पानापर्यंत जिलबी पोचते तेव्हा वाढप्याच्या ताटात पाक उरलेला असतो. ब्रॅम कोहेन नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने २००१ मध्ये ही पंगत उठवली आणि डबापार्टी सुरू केली. सकाळच्या फास्टमध्ये आमचा ग्रुप शनिवारी करतो, अगदी तशी. कुणी थालीपीठ आणतो, कुणी खाखरा, वसईचा मित्र सुकेळी आणतो. संपूर्ण जेवण एकाच्याही डब्यात नसतं, पण बोरिवली येईपर्यंत सगळ्यांचं जेवण झालेलं असतं. टोरंटमध्ये फाइलचे असेच हजारो तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याला अंगठ्याच्या ठशासारखी एक खूण असते. आलेला तुकडा खुणेशी जुळला नाही, तर तो टाकून दुसरीकडून मागवतात. जो तुकडा कमी जणांकडे, तो आधी मिळवायचा, हाही नियम. आम्हीसुद्धा सुकेळीवर आधी झडप घालतो. तुकडे जोडून अखंड वस्तू कशी होते, याचं वसई-विरारकरांना काय नवल? ३ जुलै २००९ला चार नगरपरिषदा आणि कितीतरी गावं जोडून आमची महानगरपालिका झाली, तेव्हा ते आम्ही डोळ्यांनी बघितलं आहे.

या डबापार्टीत नुसतं खाणाऱ्याला ‘लीच’ म्हणतात, म्हणजे जळू. जो देतो त्यालाच द्यायचं, असा सॉफ्टवेअरचा रोखठोक स्वभाव आहे. पण त्यातही कोहेनने एक खिडकी ठेवली: दर तीस सेकंदांनी एखाद्या अनोळखी माणसाला, त्याने काहीही दिलेलं नसताना, एक संधी द्यायची. एवढी माणुसकी बोरिवलीला उतरणाऱ्याला विरार फास्टमध्ये आजवर मिळालेली नाही.

फाइल पूर्ण झाली की ती बंद न करता इतरांसाठी उघडी ठेवतात, त्याला ‘सीडिंग’ म्हणतात. आपण पेरायचं, दुसऱ्याने कापायचं. मला त्याचं व्यसन लागलं. पडद्यावर छोटे छोटे झेंडे दिसतात: ब्राझील, पोलंड, व्हिएतनाम. ब्राझीलमधला कोणी एक गृहस्थ माझ्या विरारच्या लॅपटॉपमधून उबुंटूचे तुकडे नेतोय, या विचाराने मला रात्री झोप येत नसे. लोकलमध्ये मी आजवर कुणाला चौथी सीटसुद्धा सुखासुखी दिलेली नाही. इथे मी अख्ख्या खंडांना देत होतो. घेतलेल्याच्या किती पट दिलं, याचा आकडा ‘रेशो’ म्हणून समोर येतो. माझा तीनच्या वर गेला, तेव्हा मी पेढे आणले. कशाचे, हे घरात कुणी विचारलं नाही. मधुमेह असलेल्या माणसाने आणले कसे, एवढंच विचारलं.

आणि त्याच सुमारास आमचं नेट बिघडलं.

लाल दिवा परवडला असता. लाल असला की निदान कारण दिसतं. इथे दिवे सगळे हिरवेगार आणि नेट बेशुद्ध. बायको संध्याकाळी चौथी-पाचवीच्या मुलांची ऑनलाइन शिकवणी घेते. ‘ळ’चा उच्चार शिकवता शिकवता ती पडद्यावर जी थिजायची, ती जीभ टाळूला लावलेली, तशीच दीड मिनिट. चौदा मुलांनी त्याचे फोटो काढून ठेवलेत, असं नंतर कळलं. आईच्या यूट्यूबवर कीर्तनकार बुवा हात वर करून, तोंड उघडं ठेवून समाधिस्थ व्हायचे. आई भाबडेपणाने हात जोडून बसायची. बुवांचा भाव दाटून आलाय, असं तिला वाटायचं. चिरंजीव मात्र नास्तिक. त्याच्या खेळात कोपऱ्यात ‘पिंग’ नावाचा आकडा असतो. तो तीसच्या आत असावा, तो नऊशेवर जायचा. “बाबा, मी गोळी झाडतो तेव्हा समोरचा मला मारून, जेवून, हात धुऊन आलेला असतो.”

मी तक्रार केली. पहिली तक्रारच फसली. माझा प्लॅन ५०चा, आणि डाउनलोडचा आकडा सहाच्या वर जाईना. मी फोनवर बाणेदारपणे म्हणालो, “पन्नासचे पैसे घेता आणि सहा देता?” पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, “सर, प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, तुम्ही मेगाबाइट वाचताय. आठ बिट म्हणजे एक बाइट. सव्वासहाच्या वर जाणारच नाही.” आमच्या लहानपणी आठ आण्यांना निदान अर्धा रुपया म्हणायचे. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने ब्रॉडबँड कशाला म्हणावं याची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली, त्या हिशेबाने मी पंचवीस पट श्रीमंत होतो. फक्त घरात कुणी मला तसं वागवत नव्हतं.

दुसऱ्या तक्रारीला तिने पत्ता विचारला. “डिस्ट्रिक्ट ठाणे ना सर?” मी म्हटलं, “मॅडम, १ ऑगस्ट २०१४पासून पालघर.” ती म्हणाली, “सिस्टिममध्ये ठाणेच येतंय सर. एकदा राउटर रीस्टार्ट करून बघा.” जिल्ह्याचा राउटरशी संबंध काय, हे विचारायचं राहून गेलं. पण रीस्टार्ट केल्यावर नेट आलं! पंधरा मिनिटं झकास चाललं. मग पुन्हा बुवा समाधीत.

त्यानंतर घरात निदानाचा महिना सुरू झाला. नेट बिघडलं की आपल्याकडे प्रत्येक माणूस वैद्य होतो.

आईने पावसाला धरलं. तिचं चुकीचं नव्हतं. जुलै २०१८च्या पावसात नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या आणि वसई-विरार अंधारात बुडालं, तेव्हापासून आभाळ भरून आलं की आमच्या इमारतीत आधी मोबाइल चार्जिंगला लागतात आणि मग कपडे आत येतात. पण आता ऑक्टोबर उजाडला होता. बायकोने शुक्रवारला धरलं, कारण दुरुस्तीसाठी वीज जायचा आमच्याकडचा तो लाडका वार. मी राउटरला छोटा यूपीएस आणून जोडला. त्यानंतर वीज गेल्यावर घरात फक्त राउटर चालू असायचा आणि आम्ही सगळे त्याच्या उजेडात बसायचो.

तिसऱ्या मजल्यावरचे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ते मोबाइलवर एक ॲप घेऊन घरभर फिरले, जसे भूजलवाले नारळ तळहातावर घेऊन विहिरीची जागा शोधतात. “तुझ्या घरात एकतीस वायफाय आहेत,” त्यांनी जाहीर केलं. शेजाऱ्यांची होती सगळी. नावं वाचून करमणूक झाली: ‘जय जीवदानी’, ‘पासवर्ड मागू नये’, ‘बी विंगने मेंटेनन्स भरा’. त्यातली निम्मी सहा नंबरच्या चॅनेलवर कोंबलेली. चॅनेल एक, सहा आणि अकरा हे एकमेकांच्या पायावर पाय न देणारे तीन डबे. बाकीच्यांत चढलं की धक्के ठरलेले. काकांनी मला अकरावर बसवलं. मग म्हणाले, मायक्रोवेव्ह आणि जुनं वायफाय एकाच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तेव्हा दूध तापवताना मीटिंग घेऊ नकोस. मी ५ गिगाहर्ट्झवर गेलो. ते वेगाने पळतं, पण भिंत आली की माझ्यासारखंच दम खातं. राउटर टीव्हीवरून फ्रिजवर गेला, फ्रिजवरून कपाटावर, कपाटावरून माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी. तिथे ईशान्य दिशा साधते, असं आईने सुचवलं. चिरंजिवांनी डीएनएस बदलून दिला. पुण्याच्या भाच्याने फोनवरून सांगितलं की तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे तुमच्या वाट्याला शंभर-चौसष्टने सुरू होणारा कंपनीच्या आतला पत्ता आहे, आणि खरा पत्ता शेकडो घरांत मिळून एक. मला त्यात गैर वाटलं नाही. लोकलमधल्या मित्रांशी पंधरा वर्षांची जिवाभावाची ओळख आहे, त्यांचा तरी घरचा पत्ता कुठे माहीत आहे?

आणि दर आठवड्याला नेटवाला मुलगा यायचा. पाठीला सॅक, गळ्यात वायरीचं वेटोळं, कमरेला मीटर. तो डबीच्या मागची हिरव्या टोपीची वायर काढायचा, मीटरला लावायचा आणि म्हणायचा, “मायनस एकोणीस. एकदम ओके.” हा उजेडाचा आकडा. मायनस सत्तावीसच्या खाली गेला की डबीला दिसेनासं होतं. आमच्या घरात तो आकडा माझ्या साखरेच्या आकड्याबरोबर फ्रिजवर लिहून ठेवायला सुरुवात झाली. दोन्हींत उजेडाचाच तेवढा नॉर्मल यायचा. मग तो मोबाइलवर स्पीड टेस्ट लावायचा. पन्नासला एकोणपन्नास! “काका, लाइन मक्खन आहे.” आम्ही सगळे ओशाळे. दाढदुखी जशी दवाखान्याच्या पायरीवर थांबते, तसं आमचं नेट त्याची बाइक खाली लागली की बरं व्हायचं. तो गेला, त्याचा चहाचा कप विसळून झाला की पुन्हा आजारी.

आता इथे एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. तो येणार असं कळलं की मी टोरंटचं सॉफ्टवेअर बंद करून ठेवत असे. तसं विशेष काही नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण सोफ्यावरचे कपडे गोळा करून कपाटात कोंबतो, तोच संस्कार. उगाच त्याने झेंडे बघायचे, चार प्रश्न विचारायचे आणि बायकोसमोर लिनक्सचा विषय पुन्हा निघायचा. तो गेला की मी ते पुन्हा सुरू करायचो. ब्राझीलची माणसं खोळंबलेली असायची.

माझी स्वतःची एक फाइल त्या गडबडीत ९९.२ टक्क्यांवर येऊन अडली होती. चिमाजी अप्पांची वसई मोहीम १७३७ला सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये फत्ते झाली. माझी फाइल त्या गतीने तटाला शिड्या लावून बसली होती. मी सॉफ्टवेअरमध्ये एकाच वेळी पाचशे जणांशी संपर्क ठेवायची मुभा दिली, की कुणाकडे तरी तो उरलेला तुकडा असेल. नेट आणखी मेलं. मी फोनवर आणखी चढलो. ‘वरच्यां’ना ग्राहक न्यायालयाची भीती घातली.

मग एका बुधवारी तो मुलगा न सांगता आला. समोरच्या घरात काम होतं, म्हणून सहज आमच्याकडे डोकावला. लॅपटॉप उघडा, झेंडे फडकत होते, आणि बायकोचा ‘ळ’ नुकताच थिजला होता.

तो पडद्याकडे बघत राहिला. “काका, हे अपलोड लिमिटच्या पुढे काय आहे?”

“आठ,” मी म्हणालो.

“काका, हा आडवा आहे.”

होता खरा. मला वाटायचं झोपलाय. गणितात आडव्या आठाला अनंत म्हणतात, हे शाळेत शिकलेलं त्या क्षणी आठवलं. म्हणजे जेवढं जाईल तेवढं जाऊ दे, अशी सही मी करून बसलो होतो.

त्याने एक काळी खिडकी उघडली, त्यात १९२.१६८.१.१ असा आकडा टाकला. “हा तुमचाच राउटर. आधी दारातल्या वॉचमनला हाक मारून बघू. तोच ओ देत नसेल, तर पुढे स्टेशनपर्यंत रस्ता कसा आहे, विचारून काय करायचं?” वॉचमनने ओ दिली दोन मिलिसेकंदांत, मग तीनमध्ये, मग चौदाशेमध्ये, मग दिलीच नाही. मुलाने टोरंट बंद केलं. दोन, एक, दोन, दोन. आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला, “...ळ! म्हणा सगळ्यांनी, बाळ!”

प्रॉब्लेम वरून नव्हता. घरातच होता, चष्मा लावून बसला होता.

त्या मुलाने मग जे सांगितलं, ते एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं. राउटरपाशी वॉचमनसारखी एक वही असते. घरातून कोण कुणाकडे गेलं, कुणाचं उत्तर कुणाला द्यायचं, ते त्यात लिहितात. स्वस्तातल्या राउटरची वही पातळ. मी पाचशे परदेशी पाहुण्यांची ये-जा लावली, वही भरली. मग वॉचमन दूधवाल्यालाही आत सोडेना. रीस्टार्ट केला की त्याला कोरी वही मिळते, म्हणून पंधरा मिनिटं बरं चालतं. अख्खा देश राउटर का रीस्टार्ट करतो, याचं कोडं मला तेव्हा सुटलं.

दुसरा आजार पावतीचा. डाउनलोड म्हणजे नुसतं घेणं नव्हे. प्रत्येक वेळी ‘मिळालं’ अशी पोच उलट पाठवावी लागते, आणि ती पोच अपलोडच्याच रस्त्याने जाते. त्या रस्त्यावर माझ्या दानधर्माचे ट्रक लागलेले. घोडबंदरला फाउंटनच्या नाक्यावर ट्रकांच्या मागे एखादा स्कूटरवाला औषधाची चिठ्ठी घेऊन अडकावा, तशी घरच्यांची बिचारी पोच अडकून पडायची. पाठवणारा वाट बघायचा, मग समजायचा की हरवलं, मग हात आखडता घ्यायचा. म्हणून काच ठीक, उजेड ठीक, दिवे हिरवे, आणि बुवा मात्र समाधीत. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना उद्देशून वापरली होती. इथे शिकवणी बायकोची, कीर्तन आईचं, गोळी खाणारा मुलगा माझा, आणि लष्कराच्या भाकऱ्या भाजत होतो मी, पोलंडच्या.

उपाय पाच मिनिटांचा होता. अपलोड मोकळा किती मिळतो ते बघून त्याच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर लगाम. पाचशे पाहुण्यांचे शंभर. लॅपटॉपला वायफायऐवजी लॅनची वायर. आणि सॉफ्टवेअरमध्ये वेळापत्रक लावायची सोय असते, तिथे त्याने विचारलं, “काका, घरचे झोपल्यावर चालेल ना? कधीपासून कधीपर्यंत टाकू?”

“रात्री दोन ते सकाळी आठ,” मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो.

गंमत पुढेच आहे. द्यायचा वेग आवरला आणि माझा घ्यायचा वेग वाढला. ९९.२वर अडलेला गड अर्ध्या तासात सर झाला. ब्राझीलवाल्यांचंही काही अडलं नाही. उलट आधी त्यांना माझ्याकडून तुकडे तुटक तुटक जायचे, आता हळू का होईना, सलग जातात. सढळ हाताने वाढणाऱ्याच्या हातातलं भांडंच कलंडतं, हे पंगतीत लहानपणापासून बघत आलो होतो. पण वाढपी आपण असलो की कोण बघतं?

घरात या कायापालटाचं श्रेय लगेच वाटलं गेलं. आईच्या मते तिने जीवदानीला बोललेला नवस पावला. मंगळवारी पायऱ्या चढून नारळ द्यायचं ठरलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटेल त्याला अकरा नंबरच्या चॅनेलचं माहात्म्य सांगू लागले. चिरंजिवांनी डीएनएसकडे बोट दाखवलं. बायको म्हणाली, “शेवटी मीच फोनवर झाडलं, तेव्हा कुठे हलले ते वरचे.” मी सगळ्यांना मान डोलावली. खरं सांगायला माझी ना नव्हती, पण एवढ्या लोकांचा आनंद हिरावून घेणं मला बरं वाटेना. नेटवाला मुलगाही काही बोलला नाही. त्याने चहा घेतला, मीटर कमरेला लावला, आणि जाताना एवढंच म्हणाला, “काका, एक मेसेज येईल, फाइव्ह स्टार द्या.” मी दहाही दिले असते.

मेसेज आला. माझ्या नव्हे, बायकोच्या मोबाइलवर, कारण शेवटची तक्रार तिच्या नंबरवरून केलेली. तिने चष्मा शोधला आणि कणीक मळता मळता मोठ्याने वाचला, “आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कारण : ग्राहकाकडील उपकरण सदोष.”

मग तिने हात थांबवला, माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “उपकरण म्हणजे कोण हो?”